बाईंच्या शेजारची जागा

"बघून तर येऊ!" असं बाई म्हणायच्या तेव्हा त्यांचा एक पाय चपलेत गेलेला असायचा. वाक्य पुरं होईपर्यंत दुसराही जायचा. गल्लीत कुणाच्या शेळीला तिळं झालं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, की बाई निघाल्याच. शेळीची करडं काय बघायची असतात का? पण बाईंना असायची. आणि एकट्या कधी निघत नसत. ओट्यावरूनच आत वळून हाक मारायच्या, "अहो, येताय ना?" की सर पेपरची घडी घालून, चष्मा कपाळावर सरकवून हजर.

तुमच्याही गल्लीत असं एखादं जोडपं असेल. साठीला आलेलं, तरी कोथिंबिरीची जुडी आणायला दोघं मिळून जाणारं. लोक त्यांना हसतात. मीही हसायचे, पण माझ्या हसण्यात काय होतं ते आधीच सांगून टाकते. मला बाईंचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखावं इतका.

आष्टीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, आणि रस्त्याच्या पलीकडे बाईंचं घर. बाई आणि त्यांचे यजमान दोघेही शिक्षक, म्हणून गल्ली त्यांना बाई आणि सर म्हणायची. मला सगळे अक्का म्हणतात. गिऱ्हाईकही आणि घरातली सूनही. माझ्या नवऱ्याला मी मालक म्हणते. मालकांना स्टीलचा भाव, तांब्याचा भाव आणि पितळेची मोड यापलीकडे फारसं बोलायला आवडत नाही. माणूस वाईट नाही. कधी हात उगारला नाही, कधी ताटावरून उठले नाहीत. पण माझ्या शेजारी कधी बसले नाहीत.

हे ऐकायला कसंतरी वाटतं, मला कळतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाईंकडं दोन पगार होते, आता दोन पेन्शनी, म्हणून अक्का जळते. छे! आमच्याकडंही काही कमी नव्हतं. मला हेवा होता तो एसटीतल्या एका जागेचा.

एका वर्षी आम्ही चौघं मिळून नारायणगडाला गेलो. स्टँडवर हीऽ गर्दी. गाडी फलाटाला लागते न लागते तोच सरांनी गळ्यातली दस्ती काढली, म्हणजे तो मोठा पांढरा रुमाल, आणि खिडकीतून आत टाकली. जागा धरायची ही आपली रीत तुम्हाला सांगायला नको. रुमाल पडला की जागा त्या माणसाची, मग त्यावर कुणी बसलं तर गाडीभर भांडण. सरांचा नेम असा, की दस्ती दोन्ही सीटवर पसरूनच पडायची. मग ते खालूनच बाईंना म्हणायचे, "धरली. या निवांत."

आमचे मालक चढले ते थेट ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, गडीमाणसांत. मी मागे. मांडीवर नैवेद्याची पिशवी आणि शेजारी एक अनोळखी म्हातारी. तिनं गडापर्यंत मला तिच्या गुडघ्याची हकिगत सांगितली. दोन बाकं पुढं बाई खिडकीशी आणि सर त्यांच्या शेजारी. बाई बाहेर काहीबाही दाखवायच्या, सर वाकून बघायचे. वाकताना त्यांचा खांदा बाईंच्या खांद्याला लागायचा. बस्स, एवढंच. पण मला गुडघ्याची हकिगत काही ऐकू आली नाही.

गडावर जत्रेत मोठा पाळणा लागला होता. ही दोघं त्यात बसली. बाई वरून ओरडल्या, "अक्का, या की! लई भारी दिसतंय वरून!" मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खालूनच सांगितलं, मला गरगरतं. मला काही गरगरत नाही. माहेरी मी विहिरीत उड्या मारायचे.

पुढे दोघंही निवृत्त झाले. त्यांची एकुलती एक लेक इंजिनिअर, दक्षिण अमेरिकेत चिली म्हणून देश आहे तिथं वाळवंटात सोलरच्या कामावर होती. एक दिवस बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, घट्ट झाकणाचा डबा दाखवा. उलटा केला तरी सांडला न्हाई पायजे."

"कुठं निघालात?"

"लेकीकडं. पण आधी पेरू देशात उतरायचं अन् तिथून समुद्राच्या कडंकडंनं बसनं जायचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नुसती वाळू. विमानातून काय दिसतंय, ढगच! बघून तर येऊ."

पेरूवरून गल्लीतल्या टवाळांनी जे विनोद करायचे ते केले, ते मी सांगत बसत नाही. आमचे मालक गल्ल्यावरून म्हणाले, "सर, वाळवंट बघाय एवढ्या लांब कावून? एक उन्हाळा आष्टीतच काढा की, फुकट बघाय मिळंल."

सर हसले. "हितं समुद्र न्हाई ना, शेठ."

मग तयारी सुरू झाली. पाठीवर घ्यायच्या दोन मोठ्या पिशव्या लेकीनं पाठवल्या होत्या. ओझ्याची सवय व्हावी म्हणून दोघं त्यात ज्वारी भरायचे आणि रोज सकाळी माळापर्यंत चालत जाऊन यायचे. बाईंनी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, पायात बूट. दोघं दप्तर घेतलेल्या पोरांसारखी निघायची आणि गल्ली दारात उभी राहून बघायची. एकदा सरांच्या पिशवीची शिवण उसवली. माळापासून गल्लीपर्यंत ज्वारीची रेघ आणि मागोमाग गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या. सरांना घरी पोचेपर्यंत पत्ता नव्हता. बाईंना होता, त्या हसू दाबत मागून येत होत्या. आठ दिवस गल्लीला तोच विषय पुरला.

निघायच्या आदल्या दिवशी मी शेंगदाण्याची चटणी कुटून त्या घट्ट डब्यात भरून दिली. लसूण जरा जास्तच घातला. रागानं म्हणा, मायेनं म्हणा, दोन्ही होतं.

घराची किल्ली माझ्याकडं राहिली. तुळशीला पाणी घालायला रोज जायचे. ओसरीत त्यांच्या दोन खुर्च्या असायच्या, हाताला हात लागेल अशा. झाडून काढताना मी एक खुर्ची भिंतीकडं सरकवली आणि पुन्हा जागेवर आणली नाही. रिकाम्या खुर्च्यांनी तरी एवढं खेटून कशाला बसायचं?

मोबाइलवर फोटो यायला लागले. मालक दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायचे. "हे तर आपल्या कडा गावच्या माळागत दिसतंय," म्हणायचे. खरंच तसं दिसायचं, फक्त माळ संपला की निळं पाणी सुरू. बाईंनी बोलून पाठवलेला निरोपही यायचा: "अक्का, हितं पाऊस म्हणून पडत न्हाई. बायका निळे ड्रम घेऊन टँकरची वाट बघतेत. समोर एवढा समुद्र, अन् प्यायला टँकर! मी गेलते एकीच्या ड्रमाला हात लावाय, ती मला बघून हसाय लागली." सगळे वाळू बघायचे, टँकर बघायचे. मी एकच फोटो सारखा उघडायचे. बाहेरचं काही नीट आलं नव्हतं त्यात. बसच्या काचेत दोन चेहरे उमटले होते, शेजारी शेजारी, तोंडं किंचित उघडी. मनात यायचं, यांचं एकदा तरी कडकडून भांडण होऊ दे देवा.

दोघं परतली ती उन्हानं रापून, काळी ठिक्कर पडून. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर अर्धी गल्ली जमली होती. बाई सांगत होत्या, सर मधेमधे दुरुस्ती करत होते.

"तिकडं मोठ्या गाड्यांच्या तिकिटावरच सीटचा नंबर," बाई म्हणाल्या. "खिडक्या उघडतच न्हाईत. ह्यांचे हात नुसते शिवशिवायचे. मग एका बारक्या गावात, पार समुद्राच्या काठाला, एक बारकी गाडी आली. खिडक्या उघड्या अन् ही गर्दी. मी म्हणेपर्यंत ह्यांनी दस्ती टाकली की आत! दस्तीमागं खाण्याची पिशवी!"

"नेम बराबर बसलता," सर म्हणाले.

"नेम बसलता, पण गाडी लायनीची नव्हती हो! मासे डब्यात भरायचा कारखाना हाय तिथं, त्यांच्या कामगारांची गाडी ती. ड्रायव्हरनं एकदा दस्तीकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं, अन् गेला निघून. मी वरडतीय मराठीत, हे वरडतेत इंग्रजीत, लोक सांगतेत त्यांच्या भाषेत."

"पासपोर्ट गळ्यात होते," सर म्हणाले. "घाबरायचं काय कारण न्हवतं."

"घाम फुटलता तुमाला! मग बोटानं विचारत विचारत गेलो कारखान्यापाशी. तर गेटला दस्ती बांधलेली, झेंड्यागत. आत झाडाखाली दहा-बारा बायामाणसं बसलेली, मधी तुमचा डबा, अक्का. सगळ्यांच्या डोळ्याला पाणी, नाकं लालभडक, अन् एक बाई तोंडाशी हातानं वारा घेत पुन्हा चटणीत बोट बुडवतीय! अर्धा डबा खलास. आमाला बघून उठली, उकडलेला मका दिला, जागा करून दिली."

सर हळूच म्हणाले, "म्हंजी जागा मिळालीच की."

गल्ली पोट धरून हसली. मीही हसले. पण त्याच वेळी मनात आलं, माझ्या हातची चटणी त्या समुद्राकाठी जाऊन परक्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी काढून आली, आणि मी आष्टी सोडून नगर आणि नगर सोडून आष्टी. मला माझ्याच चटणीचा हेवा वाटला.

सगळे गेल्यावर मी विचारलंच, "भांडलात की न्हाई कधी?"

"लई!" बाई म्हणाल्या. "एकदा पहाटं मी जागी झाले तर वाळूवर ऊन पडाय लागलतं. आधी जांभळं, मग शेंदरी. मी बघत बसले. हे बिचारे झोपलते म्हणून उठवलं न्हाई. जागे झाल्यावर जे भांडले! उठवलं कावून न्हाई, एकटीच बघितलं कावून. दुपारपर्यंत बोलले न्हाईत माझ्याशी."

बघा, भांडणसुद्धा कसलं! आमच्याकडं भांडण होतं ते चहात साखर कमी पडली म्हणून. त्यांच्या ओसरीत किल्ली द्यायला गेले तेव्हा बाईंनी बोलता बोलता भिंतीकडची खुर्ची ओढून पहिल्या जागी ठेवली. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर नांदूरघाटला भाच्याचं लग्न निघालं. मी मनाशी ठरवलं, या खेपेला. स्टँडवर मी आधी चढले, खिडकीशी बसले, शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. दोघातिघांना "माणूस येतंय" म्हणून परतवलं. मालक आले. हातात आहेराचा तांब्याचा हंडा, आमच्याच दुकानातला. त्यांनी पर्स उचलून माझ्या मांडीवर दिली आणि तिथं हंडा ठेवला. "चेपंल न्हाईतर. धरून बस," म्हणाले आणि पुढं ड्रायव्हरच्या मागं गेले. नांदूरघाटापर्यंत मी हंड्याशेजारी बसून गेले. वळण आलं की तो माझ्या अंगावर कलायचा.

बाईंना ही हकिगत हसवायला म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"शेठला म्हणलात का तुमी, की हितं बसा म्हणून?"

"हे काय सांगायचं असतंय व्हय, बाई?"

"मग? मी तर वरडून सांगते." असं म्हणून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला त्यांचा राग आला. ज्याला पोटभर आहे तो उपाशी माणसाला जेवायची रीत शिकवतो तेव्हा येतो, तसा. दोन दिवस मी बाईंच्या घराकडच्या खिडकीत उभी राहिले नाही. तिसऱ्या दिवशी बाईच आल्या. त्यांना कुणाच्यातरी घरी आलेली नवी मळणीयंत्राची गाडी बघायला जायचं होतं आणि सरांना ताप होता. "चला अक्का," म्हणाल्या. मी गेले. यंत्र काय बघायचं ते मला कळलं नाही, पण त्यांनी माझा हात धरून मला यंत्राच्या चारी बाजूंनी फिरवलं.

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी ओसरीतल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते, बाई आतून चहा घेऊन आल्या तेव्हा नव्हते. हाक ऐकून पहिली मी धावले. बाई जमिनीवर बसल्या होत्या, सरांच्या गुडघ्याला मिठी मारून. त्या रडल्या ते आम्ही बायका रडतो तसं नाही. आम्ही माणसं आली की रडतो, गेली की पदर आवरतो. बाईंना कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात काय आलं सांगू? आलं की उद्या माझ्यावर ही वेळ आली तर मला असं रडू येईल का? कशाची आठवण काढून रडू मी? तेव्हासुद्धा मला बाईंचा हेवाच वाटला. माणसाचं मन कसं असतं बघा.

त्यानंतर बाईंच्या तोंडून ते वाक्य मी ऐकलं नाही. गल्लीत कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, मी मुद्दाम सांगायला गेले. "हो का," म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

लेक तोवर पुण्यात आली होती. तिनं आईला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. गाडी घेऊन येते म्हणाली, तर बाईंनी ऐकलं नाही. "एसटीनं येते. नगरला भेट," म्हणाल्या.

स्टँडवर मी आणि मालक पोचवायला गेलो. मालकांनी बाईंची पिशवी स्कूटरवर आणली, वर चढवली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्यांना जत्रेची गर्दी असते. मी कोपरं मारत पुढं घुसले आणि खिडकीजवळची जागा धरली. बाई येऊन तिथं बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी त्या जागेकडं बघितलं, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. एक गडी तिथं टेकायला वाकला.

"ओ, माणूस हाय," मी म्हणाले आणि स्वतःच बसले.

खालून मालक म्हणाले, "अगं उतर, गाडी सुटतीय."

"मी नगरपस्तोर जाते ह्यांच्यासंगं." मग मी खिडकीकडं वाकले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना ओरडून सांगितलं, "तुमी बी चला की! येताना दोघं येऊ, माझ्याशेजारी बसा!"

सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. बाईंनी माझा हात धरला. मालक तसेच उभे राहिले. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग स्कूटरकडं.

"अन् दुकान?" ते म्हणाले.

"अर्धंच तिकीट हाय माझं," मी म्हणाले. का म्हणाले, ते मलाही ठाऊक नाही. गाडी सुटली.

वाटेतलं कडा गाव मागं पडलं. मग बाईंचा डोळा लागला आणि डोकं कलत कलत माझ्या खांद्यावर आलं. झोपेतच त्यांनी विचारलं, "आलं का?" मी "न्हाई अजून," म्हणाले, आणि लगेच जीभ चावली, कारण ते मला विचारलेलं नव्हतं. मी खांदा तसाच धरून ठेवला. हाताला मुंग्या आल्या तरी हलले नाही. बाहेर सगळं कोरडं होतं, नांगरलेली काळी रानं आणि बाभळी. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी दोघींच्या वतीनं बघत बसले.

नगरला लेक उभीच होती. बाईंनी जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. "पुण्याला या, अक्का." मी "येते" म्हणाले. पुण्याची एसटी लागलीच होती. खिडकीशी लेक बसली आणि बाई तिच्या शेजारी, त्यामुळं गाडी हलली तेव्हा मला त्या दिसल्या नाहीत.

आष्टीची गाडी मिळाली तेव्हा उन्हं कलली होती. मला खिडकी मिळाली. गाडी भरत होती. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई माझ्यापाशी थांबली आणि शेजारच्या जागेकडं बघून म्हणाली, "कुणी येणारंय का हितं, मावशी?"

तेव्हा मला दिसलं की मी त्या जागेवर हात पसरून ठेवला होता. कधी ठेवला ते मला कळलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले आणि हात उचलला. "बसा."